पेशीच्या आकृतीत कापूस कुठे बसतो?

‘वनस्पती पेशीची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या.’ हा प्रश्न आठवीपासून एम.एस्सी.पर्यंत आपला पिच्छा सोडत नाही. कोपरे गोल केलेला एक चौकोन, मधोमध रिक्तिका, बाजूला सरकलेलं केंद्रक, दोन-तीन हिरवी लवकं, दोन-तीन तंतुकणिका, पापडाच्या चवडीसारखा गॉल्जी पिंड आणि उजवीकडे पट्टीने ओढलेल्या रेषा. आपल्यापैकी बहुतेकांना ती डोळे मिटूनही काढता येईल.

एखाद्या पुस्तकाचं किंवा शोधनिबंधाचं परीक्षण करतात, तसं आज या आकृतीचं करू या. तुम्ही पेट किंवा नेट देणार असाल, मुलाखतीला संशोधनाचा आराखडा घेऊन जाणार असाल, तर तुमच्या डोक्यात ‘पेशी’ म्हणून बहुधा हेच चित्र बसलेलं आहे. कोणते प्रश्न सुचतात आणि कोणते सुचतच नाहीत, हे बऱ्याच अंशी डोक्यातल्या चित्रावर ठरतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ही आकृती नावं चांगली शिकवते, पण प्रश्नाला जागा ठेवत नाही. ते तपासायला कांद्याचा पापुद्रा आणि गालाच्या पेशी बाजूला ठेवू. आपल्या जळगाव-धुळ्याच्या शेतातली दोनच उदाहरणं घेऊ: कापूस आणि केळी.

आधी जे चांगलं आहे ते

परीक्षण म्हणजे नुसती धोपटणी नव्हे, म्हणून आधी आकृतीची बाजू. ती कुठल्याही एका पेशीचं चित्र नाही. कुठे पानातली पेशी, कुठे मुळाच्या टोकातली, कुठे उंदराच्या यकृतातली, अशा अनेक पेशींच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या छायाचित्रांवरून तयार केलेलं ते एक सरासरी चित्र आहे. नकाशासारखं म्हणा. नकाशा हातात नसेल तर नवखा माणूस शहरात हरवतो. आंतर्द्रव्यजालिका, लयकारिका, तंतुकणिका हे शब्द ओळखीचे झाले नाहीत तर पुढचा कुठलाच शोधनिबंध वाचता येणार नाही. आठवीच्या मुलासाठी ही आकृती पुरेशी आहे, उपयोगीसुद्धा आहे.

अडचण पुढे येते. एम.एस्सी. झालं तरी आपण तोच नकाशा घेऊन फिरतो आणि त्यालाच शहर समजतो.

पहिला आक्षेप: माप

कापसाच्या बोंडातला एक तंतू हातात घ्या. सरकीपासून हळूच ओढून काढा आणि काळ्या कागदावर सरळ करा. साधारण २८ मिलिमीटर भरेल. ही एक पेशी आहे. पेशींची माळ नाही, पेशींचा पुंजका नाही, एकच पेशी.

बोंडात पुढे जाऊन जी सरकी होते, त्या बीजांडाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींपैकी साधारण दर चारातली एक फूल उमलण्याच्या सुमारास फुगून बाहेर येते आणि लांब होऊ लागते. एका सरकीवर असे हजारो तंतू असतात. जिनिंगमध्ये सरकीपासून वेगळी होते ती रुई म्हणजे अशा असंख्य सुट्या पेशी. सुटीला घरी आलेला जीवशास्त्राचा विद्यार्थी ज्या कापसाच्या ढिगावर बसून मोबाइल बघतो, तो ढीगही पेशींचाच.

आता ही पेशी वहीतल्या आकृतीत बसवून बघा. तंतूची रुंदी साधारण २० मायक्रोमीटर धरली, तर लांबी रुंदीच्या १४०० पट झाली. आकृतीत रुंदी १ सेंटिमीटर घेतली तर लांबी १४ मीटर घ्यावी लागेल. वर्गाच्या एका भिंतीवरही ती मावणार नाही. आतली मांडणीही वेगळी दिसेल. वाढत्या तंतूचा बहुतेक भाग रिक्तिकेने व्यापलेला असतो. पेशीद्रव्य भित्तिकेच्या आतून एखाद्या पातळ अस्तरासारखं पसरलेलं असतं आणि केंद्रक, तंतुकणिका, गॉल्जी पिंड सगळे त्या अस्तरात.

‘हा अपवाद आहे’ असं कोणी म्हणेल. तर मग यकृताची पेशी घ्या. तिच्यात तंतुकणिका हजाराच्या घरात असतात. माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत एकही नसते, केंद्रकही नसतं. सरासरी चित्राशी तंतोतंत जुळणारी पेशी शोधायला निघालात तर हात हलवत परत याल. म्हणजे ‘किती आहेत?’ हा संशोधनातला पहिला प्रश्न, आणि आकृतीने तो ‘दोन-तीन काढा’ म्हणून संपवून टाकला.

दुसरा आक्षेप: वेळ

आकृती थांबलेली असते. पेशी थांबलेली नसते. कापसाच्या तंतूचं तर अक्षरशः वेळापत्रक आहे. फूल उमललं त्या दिवसापासून मोजायला लागा. पहिले साधारण तीन आठवडे लांबी वाढते. भर वाढीच्या दिवसांत तंतू रोज दोन मिलिमीटरच्या आसपास लांबतो. दोन-अडीच आठवडे झाले की आतून सेल्युलोजचे थर चढायला लागतात. काही दिवस दोन्ही कामं एकत्र चालतात, मग लांबी थांबते आणि भित्तिका जाड होत राहते. दीड महिन्याच्या पुढे केव्हातरी बोंड फुटतं, पेशी मरते, वाळते आणि पिळवटलेल्या चपट्या फितीसारखी होते. आपण अंगावर घालतो त्या सुती कपड्यात पेशींच्या मेलेल्या भित्तिका असतात. त्या जवळजवळ शुद्ध सेल्युलोज आहेत.

लांबी वाढते कशाने? रिक्तिका पाणी ओढते, आतला दाब वाढतो, नरम भित्तिका ताणली जाते. इथे एक अडचण आहे. तंतूची पेशी शेजारच्या पेशींना बारीक नळ्यांनी जोडलेली असते. या नळ्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात. नळ्या उघड्या असतील तर दाब टिकेल कसा? पंक्चर ट्यूबमध्ये हवा भरण्यासारखंच ते.

२००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने हाच प्रश्न घेतला. त्यांनी चमकणारा रंग बीजांडात सोडला आणि तो तंतूत पोचतो का ते बघितलं. सुरुवातीला पोचत होता. फूल उमलल्यानंतर साधारण १० ते १६ दिवसांच्या काळात तो तंतूच्या दारातच अडला. नंतर पुन्हा आत जाऊ लागला. म्हणजे पेशी ऐन वाढीच्या दिवसांत आपली दारं बंद करते आणि काम झालं की उघडते. त्याच काळात साखर आणि पोटॅशियम आत घेणाऱ्या वाहक प्रथिनांची जनुकं जोरात चालू असल्याचंही त्यांना दिसलं. पुढे वेगवेगळे कापूस शेजारी ठेवून बघितल्यावर असं दिसलं, की ज्यांची दारं जास्त दिवस बंद राहतात त्यांचे तंतू जास्त लांब.

आपल्या आकृतीत प्लाझ्मोडेस्माटा काढलेच तर भित्तिकेवर दोन फटी म्हणून काढतात. त्या फटी कधी उघडतात आणि कधी मिटतात, हा खरा विषय होता.

केळीतही हेच. रावेर-यावलकडच्या कोणत्याही केळीवाल्याला विचारा, पिकवण्याच्या खोलीचं तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास का ठेवतात. ग्रँड नैनसारख्या कॅव्हेंडिश गटातल्या केळी २४-२५ अंशांच्या बऱ्याच वर पिकल्या तर गर मऊ आणि गोड होतो, पण साल हिरवट राहते. सालीच्या पेशींतल्या हरितलवकांमधलं हरितद्रव्य पूर्ण मोडतच नाही. त्याच फळाच्या गरातल्या लवकांत मात्र साठवलेला स्टार्च भराभर साखरेत जातो. कच्च्या गरात वजनाच्या जवळपास पाचवा हिस्सा स्टार्च असतो, पूर्ण पिकल्यावर तो एक-दोन टक्क्यांवर येतो. फळ एकच, खोलीही एकच. पण सालीतली लवकं उन्हाळ्याने अडली आणि गरातली अडली नाहीत. ‘हरितलवक – प्रकाशसंश्लेषण’ ही जोडी पाठ असलेल्या विद्यार्थ्याला इथे प्रश्न आहे हेच जाणवत नाही. बाजारात हिरवट साल बघून भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र तो रोज दिसतो.

तिसरा आक्षेप: एक अंगक, एक काम

आकृतीखाली बहुधा एक तक्ता येतो. तंतुकणिका – ऊर्जाकेंद्र. गॉल्जी पिंड – पॅकिंग आणि पाठवणी. लयकारिका – आत्मघाती पिशव्या. प्रद्रव्यपटल – निवडक्षम पारपटल. जोड्या लावा, गुण घ्या.

आता कापसाला विचारा: सेल्युलोज कुठे बनतं? तक्ता पाठ असलेला विद्यार्थी ‘गॉल्जी पिंडात’ म्हणण्याची शक्यता फार. भित्तिकेतले पेक्टिनसारखे काही पदार्थ खरोखर गॉल्जी पिंडात बनतात. सेल्युलोज मात्र प्रद्रव्यपटलावर विणलं जातं. ते विणणारी यंत्रं गॉल्जी पिंडातून पुटिकांत बसून पटलापर्यंत येतात आणि तिथे बसल्या जागी साखरेचे रेणू जोडून धागा बाहेर सोडतात. आतल्या बाजूच्या सूक्ष्मनलिका धाग्यांची दिशा ठरवायला मदत करतात. म्हणजे एका कामात गॉल्जी, पुटिका, सूक्ष्मनलिका, पटल आणि साखर पुरवणारी विकरं सगळे गुंतलेले. तक्त्यात त्यांच्या पाच वेगळ्या ओळी आहेत.

हे कळलं कसं, तेही बघा. वनस्पतींतली सेल्युलोज बनवणारी जनुकं १९९६ मध्ये पहिल्यांदा हाती लागली, ती कापसाच्या तंतूतून. डेबोरा डेल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके ते दिवस निवडले, जेव्हा तंतू लांबणं सोडून सेल्युलोज भरण्याच्या मागे लागतो. त्या वेळी पेशीत कोणती जनुकं चालू आहेत ते बघितलं आणि जिवाणूंमधल्या ओळखीच्या जनुकांशी त्यांचं साम्य तपासलं. हुशारी कशात होती? पेशीची निवड आणि दिवसाची निवड, यात. आकृतीत दिवस नसतो.

केळी तर तक्त्याची आणखी एक ओळ मोडते. ‘तंतुकणिका आईकडून येतात’ हे आपण नियम म्हणून शिकतो. बहुतेक प्राण्यांत आणि पुष्कळ वनस्पतींत ते खरंही आहे. पण १९९४ मध्ये फ्रेंच संशोधकांनी मुसा ॲक्युमिनाटा या केळीच्या जातीत संकर करून तपासलं, तर हरितलवकांचा डीएनए आईकडून आणि तंतुकणिकांचा डीएनए बापाकडून येत होता. आपल्या मळ्यातली केळी बिनबियांची. ती कंदाच्या पिलांपासून किंवा ऊतीसंवर्धित रोपांपासून लावली जाते, त्यामुळे मळ्यात हा प्रश्न उभा राहत नाही. पण तिचे पूर्वज शोधायला हेच फार कामाला येतं. लवकावरून आईची बाजू, तंतुकणिकेवरून बापाची. ज्याने नियम पाठ करून ‘पुढे’ म्हटलं, त्याला हे हत्यार दिसणारच नाही.

चौथा आक्षेप: पुरावा कुठे आहे?

माझ्या मते हा सगळ्यात मोठा आक्षेप. आकृतीत प्रत्येक भाग ‘आहे’ म्हणून दिलेला असतो. तो आहे हे कोणाला, कसं कळलं, याचा मागमूस नाही.

लयकारिकेचं उदाहरण घ्या. बेल्जियममध्ये क्रिस्तियाँ द दूव उंदराच्या यकृतावर काम करत होते. त्यांचा विषय वेगळाच होता, इन्सुलिनशी जोडलेला. यकृत कुटून, वेगवेगळ्या वेगाने फिरवून त्यांनी पेशीचे घटक वेगळे केले आणि ॲसिड फॉस्फटेज नावाचं विकर मोजलं. ताज्या नमुन्यात ते फारच कमी भरलं. नमुना काही दिवस थंडीत ठेवून पुन्हा मोजला, तर भरपूर. मग हे विकर सुरुवातीला होतं कुठे? अर्थ असा काढला गेला, की ते पटलाच्या पिशवीत कोंडलेलं होतं आणि नमुना शिळा होताना पिशव्या फुटल्या. १९५५ मध्ये त्या पिशवीला लायसोसोम हे नाव मिळालं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिची ओळख पटली ती आकड्यांनी तिचा माग लागल्यानंतर. १९७४ चं नोबेल द दूव यांना आल्बेर क्लोद आणि जॉर्ज पॅलेड यांच्याबरोबर मिळालं.

जुळत नसलेला आकडा ‘प्रयोग चुकला’ म्हणून फेकून दिला असता तर? प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी हा मोह सगळ्यांनाच होतो. आकृतीतला तो छोटा गोल आपल्याला हे शिकवू शकला असता. आपण त्याच्यापुढे ‘आत्मघाती पिशवी’ लिहितो आणि पुढच्या भागाकडे वळतो.

‘मग काय आकृती काढायचीच नाही?’

काढायची. सोपं करून सांगण्यात गैर काही नाही. अभ्यासक्रम मोठा, तास कमी, तपासायच्या उत्तरपत्रिका शेकड्यांनी. आकृती तपासायला सोपी म्हणून ती टिकली, यात शिक्षकांना दोष देऊन हाती काही लागणार नाही. पण तुम्ही आता उत्तरपत्रिकेच्या पलीकडे चालला आहात. प्रवेशाच्या मुलाखतीत ‘कापसातील पेशीअंगकांचा अभ्यास’ असं शीर्षक घेऊन गेलात, तर समोरचे पहिला प्रश्न विचारतील: नेमकं काय शोधायचं आहे? आणि आकृती तिथे मदतीला येणार नाही.

म्हणून आकृती काढून झाली की तिच्या प्रत्येक भागाला चार प्रश्न विचारायची सवय लावा. किती? कोणत्या वेळी? कोणाच्या संगतीने? आणि हे कशावरून? चारांपैकी एकाचं उत्तर पुस्तकात सापडलं नाही, की तिथे थांबा. तिथे संशोधनाची वाट असू शकते. कापसाचा तंतू टोकाकडून वाढतो की सगळ्या अंगाने, यावर संशोधकांचं अजून पूर्ण एकमत नाही. एवढ्या ओळखीच्या पेशीचा एवढा साधा प्रश्न अजून वादात आहे.

घरच्या कापसावर करून बघा

महागडं यंत्र लागत नाही. अमेरिकन कापसाचं फूल पहिल्या दिवशी पांढुरकं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एकाच सकाळी ताज्या पांढुरक्या तीस-चाळीस फुलांना दोरा बांधून तारखेच्या चिठ्ठ्या लावा. पाचव्या दिवसापासून दर पाच दिवसांनी तीन-चार बोंडं तोडा, गरम पाण्यात तंतू सोडवा, काळ्या कागदावर पट्टीने लांबी मोजा. विसाव्या दिवसानंतरचे तंतू कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली १८ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बघा. चांगली भरलेली भित्तिका फुगून तंतू दांडीसारखा गोल दिसतो, कच्चा तंतू चपटाच राहतो. हे द्रावण कातडी जाळतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालून, शिक्षकांसमोरच करा.

मग एक खरा प्रश्न घ्या. पहिल्या वेचणीचा आणि शेवटच्या वेचणीचा कापूस, यांत भित्तिकेच्या भरणीत किती फरक पडतो? रात्रीचं तापमान घसरलं की सेल्युलोज भरण्याचा वेग मंदावतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आपल्याकडे शेवटची बोंडं थंडीतच भरतात. धरणगाव असो की शिरपूर, कापसाची प्रत ठरवताना मायक्रोनेअर बघतात. ठरावीक वजनाच्या रुईतून हवा किती सहज जाते याचं ते माप आहे. भित्तिका पातळ असेल तर त्याच वजनात जास्त तंतू मावतात, हवा अडते आणि आकडा खाली येतो. म्हणजे क्विंटलच्या भावामागे पेशीभित्तिकेची जाडी उभी आहे. शेतकरी त्याला ‘कापूस हलका निघाला’ म्हणतो, शोधनिबंध ‘दुय्यम भित्तिकेची अपुरी भरण’ म्हणतो. बोलणं एकाच पेशीबद्दल चाललंय.

तुमच्या आराखड्याचं शीर्षक ‘पेशीअंगकांचा अभ्यास’ असेल, तर त्यात एक अंगक, एक पीक, एक दिवस आणि एक मोजमाप घालून ते पुन्हा लिहा. जमलं तर खाली टाका, आपण सगळे मिळून त्याची चिरफाड करू. पुढच्या लेखात केळीच्या गरातले स्टार्चचे कण आयोडीनने कसे मोजायचे, ते बघू.